नाना शंकरशेट आणि दानाचे मोल

धनवान पुष्कळ असतात, दानशूरही थोडेफार आढळतात. परंतु द्रव्याबरोबर आपला वेळ, आपले घर आणि आपल्या शब्दाचे वजन लोकांच्या कामी लावणारा व्यापारी विरळा. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३–१८६५) हे असे पुरुष होते. त्यांच्या देणग्यांपेक्षा हाच गुण विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावा, असे आम्हांस वाटते.

नानांना व्यापार व संपत्ती वडिलोपार्जित मिळाली होती. ते सुखाने स्वस्थ बसते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु मुंबईत आगगाडी यावी म्हणून त्यांनी खटपट केली, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गाडी धावली. आमच्या हुमनाबादेहून कलबुर्गीस गाडी जाण्यास २०१७ साल उजाडले! लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तीतही नाना अग्रभागी होते. १८६२ साली ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले.

स्त्रीशिक्षणाचे नाव काढताच समाज खवळत होता, त्या काळी नानांनी मुलींच्या शाळेस आपल्या वाड्यात जागा दिली. देणगी देऊन दूर राहणे सोपे असते; आपल्या दारी शाळा भरविणे म्हणजे लोकनिंदेचा वाटा उचलणे होय.

१८४७ च्या सुमारास शिक्षण मंडळात भाषेचा वाद माजला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे कैवारी. नानांनी मात्र देशी भाषांचा पक्ष घेतला. इंग्रजीशी त्यांचे वैर नव्हते. विद्या चार घरांत कोंडून न राहता सर्वत्र पोहोचावी, एवढाच त्यांचा आग्रह होता.

हा प्रश्न आमच्या सीमाभागात आजही जिवंत आहे. ‘मराठीने पोट भरेल काय?’ असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. राज्याची भाषा म्हणून कन्नड आणि जगाची भाषा म्हणून इंग्रजी मुलांस उत्तम यावयास हवी. आमची स्वतःची मातृभाषा कोकणी. तरी तिच्या या बहिणीनेच आम्हांस ग्रंथांची गोडी लावली. समजुतीचे मूळ जवळच्या भाषेत रुजले, म्हणजे परकी भाषाही लवकर फळते.

यासाठी केवळ देणगीची पावती पुरेशी नाही. गावच्या व्यापाऱ्यांनी महिन्यातून एक सायंकाळ शाळेस द्यावी, मुलांची वाचने ऐकावी, उणिवा पाहाव्या. आणि विद्यार्थिमित्रहो, उद्या तुम्ही दुकाने थाटाल, तेव्हा गल्ल्याशेजारी लोककार्यासही थोडी जागा राखून ठेवा.