मास्तराने तोंडाला रंग लावावा काय?

चैत्र-वैशाखात खानदेशातील जत्रा सुरू झाल्या, धुळ्याची एकवीरा देवीची झाली, अमळनेरची सखाराम महाराजांची आली, की पारावर एक जुना वाद हटकून निघतो. कोणी नाट्यशास्त्राचा प्रोफेसर सिनेमात पाटलाचे काम करून आलेला असतो, कोणी संगीताचा मास्तर तिकिटाच्या नाटकात गाऊन आलेला असतो, आणि तंबाखू मळता मळता एखादा शेतकरी बोलून जातो, "पगार आमच्या पैशाचा, आणि हा हिंडतो सोंगे करीत!"

हा राग आम्ही खोटा म्हणत नाही. ज्याने केळीच्या बागेतला मजूर कमी करून पोराला शिकावयास धाडले, त्याचे पोर दुपारी परत येऊन "आज सर दौऱ्यावर आहेत" असे सांगू लागले, तर बापाने काय आरती ओवाळावी? परंतु रागाच्या भरात दोन गोष्टी एक होतात. तास बुडविणे हा एक गुन्हा आहे. नट असणे हा मुळी गुन्हाच नव्हे.

बाबांनो, तुमच्याच घरात पाहा. ज्याने वाकस कधी हाती धरला नाही, तो सुताराच्या पोराला काय शिकविणार? कुंभाराचे पोर चाकापाशी बसून शिकते, चाकाविषयीचे पुस्तक पाठ करून नव्हे. मग नाटक शिकविणाऱ्याने तेवढे नाटक करू नये, हा न्याय कोठला? जळगावच्या खुल्या नाट्यगृहास बालगंधर्वांचे नाव आहे. ते लहानपणी याच जळगावात मेहबूबखां यांच्यापाशी गाणे शिकले. स्वतःच्या गळ्यातला सूर समोरच्याच्या गळ्यात उतरविणे, हीच तेथील शाळा.

आमच्या शेजारच्या मराठवाड्यातले उदाहरण तर सर्वांच्या तोंडी आहे. लक्ष्मण देशपांडे हे औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख. नोकरी प्राध्यापकाची, आणि तोच मनुष्य 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा खेळ एकटा उभा राहून करी, त्यात बावन्न पात्रे एकटा रंगवी. गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. २००९ साली ते वारले. आडनाव देशपांडे, पण त्यांनी रंगविली ती माणसे तुमच्या-आमच्या गावची, बोली खेड्याची, आणि ती ऐकावयास शहरवाले पैसे मोजून बसत. खेड्याची भाषा म्हणजे गांवढळपणा, ती शाळेच्या दारात काढून ठेवावी, असे ज्या पोरांना आजवर शिकविले, त्यांना हा एक खेळ किती शिकवून गेला असेल! पुण्याच्या ललित कला केंद्राचे प्रमुख राहिलेले सतीश आळेकर नाटके लिहीत आणि कामेही करीत. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत शिकविणारे गणेश चंदनशिवे स्वतः उभे राहून गातात. यात शिक्षणाचे काही बुडाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आणि थोडे मागे गेले, तर खुद्द जोतीराव फुले मास्तरच होते. १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या याच माणसाने १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. जोशाने नाडलेले कुणबी जोडपे शेवटी शिकावयास निघते, ही त्याची गोष्ट. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. शाळा आणि नाटक ही दोन वेगळी कामे आहेत, असे जोतीरावांना वाटले नाही. ते कमिटीतल्या पंडितांना वाटले.

सरकारी नोकरांच्या वर्तणुकीचे नियमही इतके कठोर नाहीत. प्रसंगोपात्त कलेचे वा लेखनाचे काम त्यांत चालते. धंदा म्हणून करावयाचे झाल्यास आधी परवानगी लागते. ती मागावी, बुडालेला तास रविवारी भरून काढावा, एवढीच आमची अट. उलट, खाजगी शिकवणी घेण्यास शाळामास्तराला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने साफ मनाई आहे. तरी ती चोरून घेणाऱ्याला पारावर कोणी शिव्या देत नाही. उलट फी नेऊन देतात! आणि तासिका तत्त्वावर राबणारा जो गरीब प्राध्यापक असतो, ज्याला सुट्टीचा पैसा मिळत नाही, त्याने रात्री नाटकात काम करून चूल पेटविली, तर त्याला बोल लावावयास जीभ कशी उचलते?

पण आमचे खरे दुखणे पुढेच आहे. प्रोफेसर नट झाला, तर त्याचा सत्कार होतो. नटाला मात्र प्रोफेसर होता येत नाही. ज्याने बाप-आज्याकडून ढोलकी घेतली, अहिराणीतला वग तोंडपाठ केला, वहीगायनात रात्री जागविल्या, तो महार-मांगाचा, कोल्हाट्याचा, कुणब्याचा कलावंत कॉलेजच्या फाटकाशी आला की विचारतात, "पदवी कोठे आहे?" पूर्वी जानवे पाहत, आता कागद पाहतात.

हा कागदही आता आड येऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही जागा काढली. आपल्या कामात किमान पंधरा वर्षे घालविलेल्या नामवंताला पदवीवाचून नेमता येते. मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि फार तर चार वर्षे. मुदत तुटपुंजी आहे, हे खरे. पण दार तर उघडले. २०२३ साली त्याच आयोगाने गावोगावचे कलावंत आणि कारागीर यांना कॉलेजात कलागुरू म्हणून बोलवावे, असेही कळविले. कारागीर हा शब्द वाचकांनी नीट वाचावा. त्यात विणकरही आला, कुंभारही आला.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. आसोद्याची ही लेक लिहावयास शिकली नव्हती. जात्यावर, शेतात ती बोले, आणि इतरांनी ते उतरून घेतले. ती आज येऊन "मला एक तास घेऊ द्या" म्हणाली, तर तिच्याच नावाच्या दारावरील शिपायाने तिला काय सांगितले असते?

तेव्हा येत्या जून महिन्यात पोराचे नाव घालावयास तालुक्याच्या कॉलेजात जाल, तेव्हा फी भरण्यापूर्वी प्राचार्यांस लेखी विचारा: आपल्या येथे किती कलागुरू नेमले, आणि त्यांत आमच्या तालुक्याचा किती? उत्तर येईल ते आम्हांकडे पाठवा. जसेच्या तसे छापू.