केसपेपर कोणासाठीं?

दवाखान्यांत जाऊन आलेलीं माणसें घरीं परतल्यावर काय सांगतात, तें वाचकांनीं एकदां लक्षपूर्वक ऐकावें. औषधाचें नांव त्यांस बहुधा आठवत नाहीं. पण डॉक्टरांनीं आपलें बोलणें ऐकून घेतलें कीं नाहीं, हें मात्र पक्कें स्मरतें. अलीकडे ‘डॉक्टर सारा वेळ संगणकाकडेच पाहत होते’ ही तक्रार अनेक घरांतून ऐकूं येते. ज्यांचीं मुलें-सुना अमेरिकेंत वैद्यकी करतात, त्यांस या तक्रारीची दुसरी बाजूही ठाऊक असेल. घरचीं जेवणें आटोपलीं कीं तेथील डॉक्टर पुन्हां संगणक उघडून बसतात आणि दिवसभरांत तपासलेल्या रोग्यांचीं टिपणें पुरीं करतात. रोगी असंतुष्ट आणि वैद्यही थकलेला, असें हें प्रकरण कसें झालें, याचा थोडा विचार या महिन्यांत करूं.

मूळ हेतु अगदीं स्तुत्य होता. 1968 सालीं डॉ. लॉरेन्स वीड यांनीं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्यें लेख लिहून रुग्णालयांतील विस्कळीत दप्तराकडे वैद्यांचें लक्ष वेधलें. रोग्याच्या प्रत्येक दुखण्याची यादी करावी, आणि त्या त्या दुखण्याखालीं रोगी काय सांगतो, तपासणींत काय आढळलें, त्यावरून अनुमान काय, व पुढें करावयाचें काय, हें क्रमानें लिहावें, अशी ही पद्धति होती. पुढें 1976 सालीं इंडियानापोलिस येथील डॉ. क्लेमेंट मॅक्डॉनल्ड यांनीं असें दाखवून दिलें कीं, संगणकानें वेळच्या वेळीं आठवण करून दिली तर डॉक्टरांच्या हातून आवश्यक गोष्टी दुपटीहून अधिक वेळां होतात. चुका होतात त्या अज्ञानामुळें नव्हे, तर एका माणसाच्या मनांत इतक्या गोष्टी एकाच वेळीं राहत नाहींत म्हणून, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे संगणक आला तो वैद्याच्या स्मृतीस साहाय्य करावयास.

परंतु दप्तरास पुढें धनी वाढले. 2009 सालीं अमेरिकेंत झालेल्या कायद्यानें संगणकावर दप्तर ठेवणाऱ्या डॉक्टरांस सरकारी पैसा मिळूं लागला व कागद झपाट्यानें मागें पडला. विमा कंपनीस बिलासाठीं, सरकारास हिशेबासाठीं, वकिलास पुराव्यासाठीं, अशा प्रत्येकाच्या गरजेचे रकाने एकाच टिपणांत येऊन बसले. 2016 सालीं 57 डॉक्टरांच्या प्रत्यक्ष पाहणीवरून असें प्रसिद्ध झालें कीं, रोग्यासमवेतच्या प्रत्येक तासामागें जवळजवळ दोन तास संगणक व मेजावरील कामांत जातात. शिवाय रात्रीं घरीं आणखी एक-दोन तास जातात ते निराळेच. त्यापूर्वीं 2012 सालीं ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकांत एका सात वर्षांच्या मुलीनें काढलेलें चित्र छापलें गेलें होतें. त्यांत मुलगी तपासणीच्या टेबलावर बसली आहे, घरचीं माणसें जवळ आहेत, आणि डॉक्टर पाठ फिरवून संगणकापुढें बसले आहेत. त्या बालिकेनें कोणासही दोष दिला नव्हता; जें दिसलें तें काढलें होतें.

याहून गंभीर गोष्ट टिपणाच्या सत्यतेची आहे. वेळ अपुरा पडला कीं कालचा मजकूर उचलून आज जसाचा तसा ठेवण्याचा मोह होतो. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या रुग्णालयांतील टिपणें तपासतां, त्यांतील सुमारें 18 टक्के मजकूरच हातानें नव्यानें लिहिलेला आढळला. 46 टक्के नक्कल केलेला व 36 टक्के यंत्रानें आपोआप भरलेला होता. ही तपासणी 2017 सालीं प्रसिद्ध झाली. अशा नकलेंत एकदां शिरलेली चूक वर्षानुवर्षें पुढें जाते. पेनिसिलिन सोसत नाहीं अशी नोंद अमेरिकेंत दर दहांपैकीं सुमारें एका रोग्याच्या नांवावर असते. रीतसर परीक्षा केली असतां त्यांतील दहांपैकीं नवांहून अधिकांस तें औषध निर्धोकपणें देतां येतें. लहानपणीं अंगावर उठलेल्या पुरळावरून पडलेला एक शब्द म्हातारपणीं योग्य औषधाच्या आड येतो!

म्हणून पुन्हां कागदाकडे वळावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. 2005 सालीं कतरिना वादळानें न्यू ऑर्लिन्स शहर बुडालें, तेव्हां अनेक दवाखान्यांतील कागद पाण्यांत गेले. परंतु माजी सैनिकांच्या रुग्णालयाचें दप्तर संगणकावर असल्यामुळें परगांवीं गेलेल्या रोग्यांचीं औषधें तेथील डॉक्टरांस तत्काळ समजलीं. दोष साधनाचा नसून, तें कोणासाठीं आहे याचा विसर पडला, हा आहे.

यावर उपाय साधे आहेत. डॉक्टरांनीं संगणकाचा पडदा रोग्यासही दिसेल असा वळवावा, आणि शेवटीं लिहिलेल्या दोन ओळी त्यास वाचून दाखवाव्या. संभाषण ऐकून आपोआप टिपण लिहिणारीं साधनें आतां आलीं आहेत; त्यांनीं डॉक्टरांची नजर मोकळी होईल, पण लिहिलेलें तपासण्याचें कर्तव्य संपणार नाहीं.

आणि घरच्या माणसांचें कर्तव्य? अमेरिकेंत 2021 च्या एप्रिलपासून डॉक्टरांचें टिपण रोग्यास विनाविलंब पाहूं देणें कायद्यानें आवश्यक झालें. आपल्याकडेही त्याच वर्षीं सप्टेंबरांत आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालें, आणि 14 आंकडी ‘आभा’ क्रमांकाशीं आपलीं कागदपत्रें आपल्या संमतीनें जोडण्याची सोय झाली. आपण बँकेचें पासबुक ओळ न् ओळ तपासतों. घरांतील वडीलधाऱ्यांचा केसपेपर मात्र न उघडतां कपाटांत ठेवतों. तो वाचावा. चालू औषधें मात्रेसह लिहून डॉक्टरांकडे जातांना बरोबर न्यावीं. न सोसणाऱ्या औषधाची नोंद असल्यास ती कशावरून झाली, हें विचारावें. आणि चुकीचें आढळल्यास नम्रतेनें पण आग्रहानें दुरुस्त करून घ्यावें. कार्यमग्न डॉक्टरांस याचा राग येईल अशी भीति बाळगूं नये. सुज्ञ वैद्यास अशी मदत हवीच असते. एवढी सूचना करून हा विषय येथेंच पुरा करतों.