फार्महाऊसवाल्यांना कुत्री मिळणार नाही

गेल्या अडीच महिन्यांत मला जे फोन आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच वाक्यावर येऊन थांबले. "अरे, आपलं मुळशीला फार्महाऊस आहे ना, तिकडे सोडू की तिला. मस्त मोकळी राहील!"

हे फार्महाऊस कधी मुळशीला असतं, कधी पानशेतला, कधी भोरच्या पुढे. मालक तिथे महिन्यातून एकदा जातो, पावसाळ्यात भजी खायला दोनदा. उरलेले दिवस तिथे एक वॉचमन असतो, ज्याचा स्वतःचा पगार वेळेवर होत नाही. आणि गृहीत असं की हा माणूस रोज दोन वेळा खायला घालेल, पाणी बदलेल, गोचिड्या काढेल आणि वर्षाच्या वर्षाला रेबीजची लस टोचून आणेल. कशावर आणेल? सायकलवर?

असो. आधी कुत्रीबद्दल सांगतो, मग भांडतो.

चिंगी. साधारण दीड वर्षाची, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. हिंजवडी फेज थ्रीच्या रस्त्यावर दुभाजकावर बसलेली सापडली. तिच्या गळ्यात लाल नायलॉनचा पट्टा होता आणि त्याला मापापेक्षा आत एक जास्तीचं भोक पाडलेलं होतं. म्हणजे कुणीतरी दुकानात जाऊन पट्टा घेतला, सैल होतोय म्हणून घरी खिळा तापवून भोक पाडलं, आणि पुढे कधीतरी त्याच माणसाने गाडीचं दार उघडून तिला खाली उतरवलं. वेग कमी केलेल्या प्रत्येक पांढऱ्या गाडीमागे ती पळत होती. माझी गाडी निळी. मी थांबलो तर तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मी वाकडला दोन रूममेट्सबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरमालकांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे, आधीच्या दोन महिनाअखेरींसारखीच. पण एक ना एक दिवस ते खरंच चिडणार आहेत, त्यामुळे चिंगीला घर शोधणं भाग आहे. लसीकरण झालं, नसबंदी झाली, टाके निघाले, गोचीडताप येऊन गेला आणि बराही झाला. मुलगी सर्वगुणसंपन्न आहे. फक्त स्थळ मिळत नाहीये.

"मिळत नाहीये की तू मिळू देत नाहीयेस?" हा आईचा प्रश्न. मी फोनवर लोकांना काय काय विचारतो ते तिने एकदा शेजारी बसून ऐकलं आणि म्हणाली, "अरे, कुत्री देतोयस की मुलगी? तुझ्या ताईच्या वेळी आम्ही एवढी चौकशी केली नव्हती." (ताईला हे सांगितलंय. ती आईशी दोन दिवस बोलली नाही.)

ऑफिसातही हेच. फुकट कुत्री देतोय आणि वर अटी घालतोय, म्हणजे मी माजलोय असं एकंदर मत आहे. म्हणून हे लिहितोय. हो, मी अटी घालतो. आणि मागच्या वेळी घातल्या नव्हत्या, त्याचं काय झालं तेही सांगतो.

२०२२ ची गोष्ट. पहिली नोकरी, नवं शहर. ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक पिल्लू सापडलं, सोन्या. पाच महिने माझ्याकडे होता. मग लीजचं नूतनीकरण आलं, घरमालक नाही म्हणाले, आणि मी घाबरून जो पहिला भेटला त्याला होकार दिला. एका सहकाऱ्याच्या ओळखीतले गृहस्थ, पौडच्या बाजूला फार्महाऊस. ते गाडी घेऊन आले, सोन्याला मागच्या सीटवर बसवलं, मी काचेवर हात ठेवला वगैरे वगैरे. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला दुःखापेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं. बिर्याणी मागवली होती.

सहा आठवड्यांनी सहज फोन केला.

"अरे हो, तो पळाला की."

"कधी?"

"झाले असतील दोन-तीन आठवडे."

रविवारी बाइक काढून गेलो. वॉचमनकाकांनी मला एक खांब दाखवला. खांबाला हातभर साखळी. शेजारी ॲल्युमिनियमचं भांडं, त्यात पाणी नव्हतं, वाळलेली पानं होती. काका बिचारे ओशाळून सांगत होते, रात्रभर ओरडायचा म्हणून साहेबांनी बांधायला सांगितलं, एका रात्री पट्ट्यातून मान काढून गेला, पलीकडच्या वस्तीवरची कुत्री मागे लागली होती. त्यांनी मला ओढ्यापर्यंत नेलं. मी अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. चार-पाच कुत्री आली, बघून गेली. त्यात सोन्या नव्हता.

तेव्हा "मोकळी राहील" हे वाक्य माझ्यासमोर उच्चारू नका. कुत्रा म्हणजे गाय नव्हे की कुरणात सोडली की चरेल. कुत्र्यांचे इलाके असतात. प्रत्येक वस्तीची टोळी ठरलेली, हद्द ठरलेली. बाहेरून आलेल्या कुत्र्याला त्या हद्दीत खाणं कुठे मिळतं ते माहीत नसतं, लपायचं कुठे ते माहीत नसतं, आणि तिथल्या टोळीला मात्र तो कुठे आहे ते पहिल्या रात्रीच कळतं. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे २००१ चे नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम, दोन्हींत नसबंदी करून कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडा असं सांगितलंय, त्यामागे हाच हिशेब आहे. रस्त्यावर जन्मलेल्या, टक्केटोणपे खाल्लेल्या कुत्र्यालाही परक्या मुलखात टाकू नये म्हणतात, आणि आपण सोफ्यावर झोपलेलं, पोळीला तूप लागतं असलेलं कुत्रं 'निसर्गात' सोडायला निघतो!

कायदा आहे का? आहे. प्राण्याला उपाशी-तहानेलं मरायची वेळ येईल अशा अवस्थेत विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात लिहिलेला दंड किती माहितेय? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. दोन वडापाव आणि एक कटिंग. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलंत तर १०० पर्यंत जातो, तुरुंगवासही होऊ शकतो. पण पहिल्यांदाच कोण पकडलं जातंय? तो लाल पट्टा घेणारा माणूस आज याच रस्त्याने ऑफिसला जात असेल. कदाचित आमच्याच कॅफेटेरियात जेवत असेल.

आणि हे मी उगाच म्हणत नाहीये. आपली आयटीची जमात यात आघाडीवर आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा कंटाळा आला म्हणून माझ्या ओळखीतल्या तीन जणांनी पिल्लं आणली. ऑफिस परत सुरू झालं तेव्हा त्या तिघांपैकी दोघांना अचानक ॲलर्जी असल्याचा शोध लागला. ऑनसाइट मिळालं की कुत्रा द्यायचाय. लग्न ठरलं की द्यायचाय. बाळ होणार म्हटलं की द्यायचाय, कारण सासूबाईंनी सांगितलं केस पोटात जातात. कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो आणि आपण नोटीस पीरियडपलीकडचा विचार करत नाही.

तर माझ्या अटी. खरं तर प्रश्नच. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का? सोसायटीत कुणी कुरकुर केली तर उलट उभे राहाल का? (सोसायटी बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही असं ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय, पण हे परिपत्रक चेअरमनला वाचून दाखवायला तुम्हालाच लागणार आहे.) बाल्कनीला जाळी आहे का? पहिला महिनाभर बाहेर नेताना पट्ट्याऐवजी हार्नेस वापराल का? कारण नव्या घरातून कुत्री पळतात ती बहुतेक पहिल्या काही दिवसांतच, आणि पट्ट्यातून मान कशी काढायची हे त्यांना उपजत येतं. सोन्याला आलंच होतं.

पण हे सगळे प्रश्न एका बाजूला आणि शेवटचा एक बाजूला. तो असा : जमलं नाही तर काय कराल?

यावर लोक दुखावतात. "असं कसं होईल? आम्ही घरच्यासारखी ठेवू." घरचं काय होतं तेही बघतोय आपण, पण ते जाऊ दे. रोज कोड प्रॉडक्शनला टाकणाऱ्या माणसाला मी हा प्रश्न विचारतो तेव्हा तो दुखावतो, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. दोन ओळींचा बदल टाकताना आपण रोलबॅक प्लॅन लिहितो की नाही? मॅनेजर विचारतो तेव्हा 'माझ्यावर विश्वास नाही का' म्हणतो का? मग एका जिवाला एका घरातून दुसऱ्या घरात टाकताना परतीचा रस्ता ठरवून ठेवला तर त्यात अपमान कसला?

मला हवं असलेलं उत्तर फार साधं आहे. "नाही जमलं तर तुला फोन करीन." बास. दुसऱ्याला देणार नाही, वॉचमनला देणार नाही, गावाला पाठवणार नाही. रात्री दोनला फोन केलात तरी मी येईन, आणि कारण विचारणार नाही. हे वाक्य जो आपणहून बोलेल त्याच्याकडे चिंगी जाईल. अडीच महिन्यांत फक्त दोघं बोलली आहेत. त्यातल्या एकीची बदली झाली.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना चार शब्द, कारण आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. काही रेस्क्यूवाल्यांच्या अटी वाचून हसावं की रडावं कळत नाही. बॅचलरला नाही. भाडेकरूला नाही. दोघं नोकरी करत असतील तर नाही. या नियमाने मलाच कुणी कुत्रा देणार नाही, आणि चिंगी माझ्याच गादीवर झोपते. माणूस कोण आहे यावरून अट घालणं हा आळस आहे. तो अडचणीत काय करेल, ते विचारायला कष्ट पडतात.

त्याहून वाईट म्हणजे लपवाछपवी. 'अतिशय गुणी, शांत, लहान मुलांची लाडकी' असं लिहायचं, फोटोत डोळ्यांत पाणी आल्यासारखा कोन पकडायचा, आणि ती फटाक्यांना घाबरून बाथरूममध्ये शी करते हे सांगायचं नाही. मग घेणाऱ्याला वाटतं आपल्यातच काहीतरी चुकतंय, आणि तिसऱ्या आठवड्यात फार्महाऊस आठवतं. म्हणून मी सगळं सांगतो. चिंगीने माझे दोन चार्जर आणि रूममेटचा एक बूट खाल्ला आहे. एकटी राहिली की पहिली वीस मिनिटं रडते. पांढरी गाडी दिसली की अजून खेचते. हे ऐकून तीन जणांनी फोन ठेवले. बरं झालं.

"कुठली ब्रीड?" विचारणाऱ्यांना मी "गावठी" एवढंच सांगतो. बहुतेक तिथेच संपतं. पुण्याच्या मे महिन्यात ज्यांना हस्की हवा आहे त्यांच्याशी वाद घालण्याएवढा वेळ माझ्याकडे नाही.

तुम्ही म्हणाल, रस्त्यावर इतकी कुत्री आहेत, तू एकीपायी एवढं अडवून धरतोस, तोवर चार कुत्र्यांना घर मिळालं असतं. हा मुद्दा खरा आहे आणि मला तो रात्री टोचतो. माझ्याकडे जागा एकच आहे. चिंगी गेली की दुसरं कुणीतरी येऊ शकतं, हेही खरं. पण घाईघाईत दिलेली कुत्री परत रस्त्यावरच येणार असतील तर मी जागा रिकामी केली म्हणजे नक्की काय केलं? २०२५ मध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांवरून केवढं रण माजलं होतं आठवतं ना? दोन्ही बाजू एकमेकांचे गळे धरत होत्या. त्या गदारोळात सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्टच्या आदेशातली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. ज्यांना रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यायचाय त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. कुत्र्यांवर प्रेम करणारे असोत की त्यांना घाबरणारे, या एका गोष्टीवर भांडायचं कारण कुणालाच नाही. मी फोनवर विचारतो ते याहून वेगळं काय आहे?

उद्या सकाळी अकराला भोसरीहून एक कुटुंब येतंय. नवरा-बायको दोघंही कारखान्यात, पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे घरी जवळपास कायम कुणीतरी असतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाल्कनीला जाळी आहे का विचारलं तर म्हणाले नाही, पण बसवून घेतो, आणि तासाभरात बाल्कनीचं माप लिहिलेला कागद फोटो काढून पाठवला. शेवटचा प्रश्न मी फोनवर विचारला नाही. तो समोर बसवून विचारायचा आहे.

त्यांची गाडी पांढरी आहे. मी त्यांना रिक्षाने या म्हणून सांगितलंय.