चांगला एजंट म्हणजे कुणासाठी चांगला?

चऱ्होलीत कुठल्याही ओट्यावर बसा, एकच चौकशी कानावर येते : जमिनीला चांगला एजंट कोण? कोण रेट आणतो, कोण बिल्डरकडून पैसे वेळेवर काढून देतो, कुणाची कागदपत्रं पक्की असतात. १९९७ साली चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. एका अंगाला भोसरी, दुसऱ्या अंगाला चाकण, मध्ये हे इंद्रायणीकाठचं गाव. ज्या रानात बायकांनी उभा जन्म खुरपणी केली ते रान आता गुंठ्याच्या भावानं बोललं जातं. आजोबांचं रान मुलांत वाटलं, मुलांचं नातवांत. असे दहा-पंधरा गुंठ्यांचे तुकडे बिल्डरला सुटे सुटे नको असतात. सगळ्यांची मोट बांधून देणारा माणूस लागतो. तो एजंट.

जमीन विकू नका असं मी म्हणणार नाही. ज्याला विकायची त्यानं विकावी. मला विचारायचंय ते एवढंच, की हा चांगला एजंट कुणासाठी चांगला?

कारण गिऱ्हाईक शोधणं हे त्याचं मुख्य काम उरलेलंच नाही. गिऱ्हाईक गावाच्या वेशीवर उभं आहे. एजंटाचं मोठं काम आहे बहिणींच्या सह्या आणणं. बिल्डरचा वकील तीस वर्षांचा सर्च घेतो, फेरफार बघतो आणि विचारतो, "या मुलींचं काय?" मग गाडी निघते. एक बहीण भोसरीत दिलेली, एक मंचरला, एक खेडला. सोबत धाकटा भाऊ, पेढे आणि साडी. "आक्का, काही नाही, नुसती एक सही. फॉर्म्यालिटी आहे." आमच्या संघटनेच्या सल्ला केंद्रात बायका जे कागद घेऊन येतात त्यात हा 'फॉर्म्यालिटी'चा कागद जवळजवळ नेहमी एकच असतो : हक्कसोडपत्र. बहुतेकींनी तो सही केल्यावर पहिल्यांदा वाचून घेतलेला असतो.

मैत्रिणींनो, जी सही नुसती फॉर्म्यालिटी आहे तिच्यासाठी कोट्यवधींचा व्यवहार अडून का राहतो? अडतो, कारण तुमचा हिस्सा कायद्यानं तिथं आहे. वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी १९५६ पासून वारस आहे. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे ज्या बहिणींनी लग्नाआधी त्याच रानात सर्वांत जास्त राबणूक केली, नेमक्या त्याच बाहेर! ही मेख ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं काढली. त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते यावर घोळ घालणं चालूच होतं, तेही ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात मिटवलं. हक्क जन्मानं येतो, वडील हयात असोत वा नसोत. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेली वाटणी तेवढी कायम राहते. "आमची तोंडी वाटणी कधीच झाली होती" असं नुसतं म्हणून भागत नाही, तिला सरकारदप्तरचा भक्कम पुरावा लागतो. तरी जुन्या तोंडी वाटणीची आठवण भावांना नेमकी बिल्डर आल्यावरच कशी होते, हे एक कोडंच आहे.

आता त्या कागदाची खुबी पाहा. भावाच्या नावे वडिलोपार्जित मिळकतीचं हक्कसोडपत्र 'कोणताही मोबदला न घेता' केलं, तर मुद्रांक अगदी थोडा लागतो. पूर्वी दोनशे रुपये होता, २०२४ पासून पाचशे. मोबदला लिहिला तर खरेदीसारखं शुल्क. म्हणून भाऊ तोंडानं जे पाच-दहा लाख कबूल करतो ते कागदावर येऊच शकत नाहीत. बाई स्वतःच्या सहीनं लिहून देते की मला काही नको, मिळालंही नाही. पुढं पैसे आले नाहीत तर ती कुठल्या तोंडानं मागणार? या सल्ल्याला एजंट 'खर्च वाचवणं' म्हणतात. वाचतो तो भावाचा आणि बिल्डरचा.

दुसरा कागद कुलमुखत्यारपत्राचा. "तुम्हाला सारखं ऑफिसात यायला नको, ताई." त्यात 'कधीही रद्द न होणारे' असे शब्द असतील तर ते पुढं मोडणं महाकठीण जातं. हेलपाटे वाचतात, जमीनही जाते.

कुणी म्हणेल, आता एजंटांना रेराची नोंदणी लागते, मग फसवणूक कशी होईल? नोंदणी लागते ती रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकणाऱ्या एजंटाला. शेतकऱ्याची जमीन बिल्डरकडे नेणारा मध्यस्थ त्या कलमात बसत नाही. म्हणजे फ्लॅट घेणाऱ्याला थोडं तरी संरक्षण आहे, आणि ज्या बाईच्या रानावर तो फ्लॅट उभा राहतो तिला काहीच नाही. शिवाय हा माणूस बऱ्याचदा दोन्हीकडून दलाली खातो. सह्या लवकर झाल्या की त्याचे पैसे लवकर सुटतात. बहिणीला हिस्सा समजावून सांगण्यात त्याचा काय फायदा?

"हिस्सा मागितला तर माहेर तुटेल," हे तर आपल्याला पाळण्यापासून शिकवलेलं. आणि "तुझ्या लग्नात खर्च केला की!" लग्नाचा खर्च सासरच्यांच्या मानपानावर झाला. तो मुलीच्या नावावर कुठल्या सातबाऱ्यात चढला? भावाच्या लग्नातला खर्च त्याच्या वाट्यातून कापल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही. एका सहीनं तुटणारं माहेर सही दिल्यावरही टिकतं असं नाही. जमीन विकली गेल्यावर भाऊबिजेला ज्यांना बोलावणं आलं नाही अशा बायका आमच्याकडे येतात.

तेव्हा एजंटाची निवड बाईनं आपल्या बाजूनं करावी. आधी वारस म्हणून सातबाऱ्यावर नाव चढवून घ्यावं, मग बोलणी. 'आपली चावडी'वर फेरफाराच्या नोटिसा दिसतात, हरकतीला पंधरा दिवस असतात. घरातल्या शिकणाऱ्या पोरीला बघायला सांगा. हिस्सा विकायचाच असेल तर हक्कसोड करू नका, नुसती 'संमती देणार' म्हणूनही बसू नका. भावांच्या बरोबरीनं खरेदीखतात 'लिहून देणार' म्हणून नाव, समोर आपली रक्कम आणि चेक आपल्या एकटीच्या खात्यावर. विकसन करार असेल तर बांधकामातला आपला वाटा आपल्या नावानं लिहिलेला. या अटी ऐकून जो उठून जाईल तो भावाचा एजंट. बसून राहील त्याच्याकडून दलाली किती, कुणाकडून, हे लिहून घ्या.

आणि सरकारकडे आपली मागणी अशी, की हक्कसोडपत्र नोंदवताना दुय्यम निबंधकानं बाईला भावाला आणि एजंटाला बाहेर बसवून, तिच्या हिश्श्याचा सरकारी दर वाचून दाखवावा आणि तो कळल्याचं तिच्याकडून लिहून घ्यावं. सरकारी दराचा तक्ता त्याच कार्यालयात असतो. वाचायला पाच मिनिटं पुरतात.