बिनपगारी उमेदवारी

उमेदवारी या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. निवडणुकीला उभं राहणं हा एक, आणि पगाराविना राबत काम शिकणं हा दुसरा. पहिलीसाठी घटनेनं आम्हाला राखीव जागा दिल्या. दुसरीसाठी मुंबईत बापाचं घर असावं लागतं.

दोस्तहो, या दुसरीला हल्ली इंटर्नशिप म्हणतात. चिकलठाण्याचं एखादं पोरगं, बाप एमआयडीसीत कंत्राटी, स्वतः राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेलं, देवगिरी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात रात्र काढून मुंबईत उतरतं आणि विधानभवनात कुणा आमदाराच्या हाताखाली दाखल होतं. पहिला दिवस पास काढण्यात जातो. पीए नाव विचारतो, मग आडनाव, आणि आडनावावरून काही कळलं नाही तर गावात नेमकं कुठं राहता तेही. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स, चहा, बदल्यांचे अर्ज. तिसऱ्या दिवशी खिशातल्या नोटा मोजणं. वडापाववर दिवस काढायला आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही, पण खाटेचं भाडं वडापावात बसत नाही. शेजारच्या टेबलावरचं दादरचं पोरगं घरचा डबा आणतं. त्याचा काय दोष? काहीच नाही. पण सहा महिन्यांनी ते टिकलेलं असतं, आपलं परतीच्या गाडीत बसलेलं असतं, आणि वर ऐकवलं जातं की तुमच्यात चिकाटी नाही.

परतलं तर काय बिघडलं, असं आपलेच काहीजण म्हणतात. आमदाराची बॅग उचलायला कशाला जायचं, रस्त्यावर या! रस्ता आम्हाला कुणी शिकवू नये. नामांतराचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या वर्षांत ठराव कागदावर होता आणि वस्त्या जळत होत्या. तो कागद कसा चालतो, कुठं अडतो, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होतं?

आजही तोच सवाल आहे. तारांकित प्रश्न विचारतो, 'हे खरे आहे काय?' छापील उत्तर येतं, 'अंशतः खरे आहे'. आणि शेवटी, 'प्रश्न उद्भवत नाही'. च्यायला, वस्तीला पाणी नाही आणि प्रश्न उद्भवत नाही! हे उत्तर फोडायला उपप्रश्न हाताशी लागतो, आणि तो लिहून देणारा बहुतेकदा आमदाराच्या मागं उभा असतो. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे चारशे कोटींहून जास्त रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. आपल्याच शहरातून निवडून गेलेले खात्याचे मंत्री संजय शिरसाट जाहीर नाराज झाले. मंत्र्याची नाराजी पेपरात छापून येते, पैसा लेखाशीर्षातून जातो. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात ते लेखाशीर्ष शोधणारं पोरगं आपलं पाहिजे.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा तिथंच नेला. विधेयक आत, मोर्चा बाहेर. जुलै १९५६ मध्ये, शरीर खचलेलं असताना, त्यांनी मुंबईत राजकारणात शिरणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढलं. विद्यार्थी मोजके होते. डिसेंबरात ते गेले आणि विद्यालयही पुढे टिकलं नाही. पुतळे मात्र आपण हजारोंनी उभे केले.

सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप आहे, २०१५ पासूनची, मध्ये बंद पडून २०२३ ला पुन्हा चालू झालेली. ती पैसे देते. पण प्रथम वर्ग पाहिजे, वर्षभराचा अनुभव पाहिजे, वय एकवीस ते सव्वीस. अनुभव म्हणजे परत तीच बिनपगारी उमेदवारी!

म्हणून सरळ सांगतो. आमदाराला पीएच्या पगाराचे पैसे सरकार देतं. मग शिकायला आलेल्या पोराला फुकट राबवू नका, आणि हे निळा झेंडा लावून फिरणाऱ्या आमदारांनाही सांगतोय. आणि आपण? वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात पोरांना डोकं टेकायला जागा होती म्हणून १९७२ ची पँथर उभी राहिली. मार्चमध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईत असतं. नायगाव, वरळी, चेंबूरच्या वाचकांनी तेवढ्या महिन्यापुरती घरात एकेक खाट द्यावी. ज्वारी आणि तूरडाळ चिकलठाण्याहून येईल.