वाट दाखविणारे यंत्र आणि वर्णन लिहिणारा माणूस

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत एक लक्षणीय स्थित्यंतर घडून आले आहे. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देऊन थांबणारी संगणकप्रणाली आता सोपविलेले काम स्वतःच टप्प्याटप्प्याने पार पाडू लागली आहे. अशा प्रणालीला ‘एजंट’ म्हणतात. हा एजंट सर्वज्ञ नव्हे. हिशेब करणे, नोंदी शोधणे, दोन ठिकाणांमधील मार्ग काढणे यांसाठी तो इतरांनी तयार केलेली साधने वापरतो. आणि कोणते साधन केव्हा वापरावे, त्याला कोणती माहिती पुरवावी, हे तो मुख्यतः त्या साधनासोबतच्या माहितीपत्रावरून ठरवितो. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या खुल्या नियमावलीतही साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला द्यावयाच्या माहितीचा नमुना यांना मध्यवर्ती स्थान आहे. तरीही हे वर्णन लिहिण्याचे काम आज सर्वांत दुय्यम समजले जाते. ही समजूत घातक आहे.

मार्ग शोधणाऱ्या साधनाचेच उदाहरण घ्यावे. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या जाळ्याला गणितात ‘ग्राफ’ म्हणतात. गावे हे बिंदू, रस्ते या रेषा आणि प्रत्येक रेषेवर अंतर, वेळ किंवा खर्च यांचा आकडा. अशा जाळ्यातून सर्वांत कमी बेरजेची वाट काढण्याची रीत डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांना 1956 मध्ये सुचली आणि 1959 मध्ये ती प्रसिद्ध झाली. नेदरलँड्समधील 64 शहरांच्या नकाशावर त्यांनी ती दाखवून दिली होती. आकडे ऋण नसतील तर ही रीत अचूक उत्तर देते, हे सिद्ध झालेले आहे. तेव्हा प्रश्न गणिताचा नाही. गणिताला काय पुरविले आणि त्याच्या उत्तराचा अर्थ काय लावला, याचा आहे.

सोलापूरहून पंढरपूरला जाण्याचा जवळचा मार्ग कोणता? मोहोळमार्गे सडकेने हे अंतर सुमारे 70 ते 75 किलोमीटर भरते. रेल्वेने मात्र आधी कुर्डुवाडीपर्यंत सुमारे 80 किलोमीटर आणि तेथून आणखी सुमारे 50 किलोमीटर जावे लागते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. जाळी वेगळी आहेत. साधनात सडका आहेत की लोहमार्ग, आकडे किलोमीटरचे आहेत की मिनिटांचे, एकेरी वाट दुहेरी धरली आहे काय, हे माहितीपत्रात लिहिले नसेल तर एजंट चुकीचे उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने देईल. नवखा कारकून शंका आल्यास शेजारच्या टेबलावर विचारतो. यंत्र बहुधा विचारीत नाही. जे लिहिलेले नाही ते गृहीत धरते.

नावांचा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. सोलापूरच्या दोन शेजारी जिल्ह्यांची नावे अलीकडेच बदलली. विजापूर 2014 मध्ये विजयपूर झाले आणि उस्मानाबाद 2023 मध्ये धाराशिव. जुन्या नोंदीत एक नाव, नव्या नोंदीत दुसरे. माणसाला त्यात अडचण नाही. साधनाला मात्र ती दोन निराळी गावे वाटू शकतात. कोणती नावे आणि कोणती लिपी चालते, नकाशा कोणत्या तारखेचा आहे, हे सांगणे म्हणूनच अनिवार्य ठरते.

खरी कसोटी वाट सापडत नाही तेव्हा लागते. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या महापुराने जिल्ह्यातील अनेक गावांचा संपर्क तुटला आणि सोलापूर–पुणे महामार्गावरील वाहतूकही थांबवावी लागली. अशा वेळी साधनाने दिलेल्या कोऱ्या उत्तराचा अर्थ काय? वाट खरोखरच नाही, गावाचे नाव ओळखता आले नाही, की शोध अर्ध्यावरच थांबला? या तीन गोष्टी सर्वस्वी भिन्न आहेत. माहितीपत्राने त्यांत भेद केला नाही, तर रिकामी जागा अंदाजाने भरून काढण्याची जी प्रवृत्ती या प्रणालींत आढळते, तिला मोकळे रान मिळते. मदतीचे वाहन पाण्याखालच्या पुलाकडे धाडले गेले, तर दोष गणिताचा नसेल. न लिहिलेल्या एका वाक्याचा असेल.

साधन काय करीत नाही, हेही तितकेच स्पष्ट लिहावे लागते. सोलापूरच्या मकरसंक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या 68 लिंगांना प्रदक्षिणा घालते. ती वाट परंपरेने ठरलेली आहे. तेथे जवळचा रस्ता शोधणे हाच मुळी चुकीचा प्रश्न. शिवाय दोन बिंदूंमधील लघुतम मार्ग आणि अनेक बिंदूंना भेट देणारा लघुतम फेरा ही गणितातही दोन वेगळी कोडी आहेत आणि दुसरे कितीतरी अवघड आहे. पहिल्यासाठी केलेले साधन दुसऱ्यासाठी वापरू नये, असे एक वाक्य पुष्कळ अनर्थ टाळू शकते.

यंत्रे दिवसेंदिवस शहाणी होत आहेत, मग एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु नकाशा कोणत्या तारखेचा आहे, हे कितीही शहाण्या यंत्राला आपोआप कळणार नाही. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. एजंटाच्या वाचनालाही मर्यादा असते आणि लांबलचक माहितीपत्रात महत्त्वाचे तेच हरवते. यावर उपाय पाल्हाळाचा नव्हे, नेमकेपणाचा. हेतू, द्यावयाची माहिती, एकके, मर्यादा, अपयशाचे अर्थ आणि एक-दोन उदाहरणे एवढे बहुधा पुरते.

असे नेमके लिहिणे ही केवळ संगणक अभियंत्यांची मिरासदारी नाही. संदिग्धता न ठेवता टिपणी लिहिणारा कारकून आणि विद्यार्थ्याची शंका आधीच ओळखणारा शिक्षक यांच्या अंगी हे कौशल्य मुरलेले असते. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रणाली लिहिण्याइतकेच तिचे वर्णन लिहिणेही गुणांकनाचा विषय केले पाहिजे, आणि त्या वर्णनाची परीक्षा विषयाशी अपरिचित अशा वाचकाकडून करून घेतली पाहिजे. जे वर्णन माणसाला कळत नाही, त्यावर विसंबून यंत्राला वाट दाखवू देणे ही बेपर्वाई आहे, आणि तिची किंमत यंत्राला नव्हे, त्या वाटेने जाणाऱ्या माणसाला मोजावी लागते.