उस्ताद पारखा, मग फी भरा

वेरूळच्या लेण्यांपाशी धंदा करणाऱ्या बापाने मुलाला वा मुलीला सी.ए. करायचे ठरवले, की तीस किलोमीटरवरच्या शहरात क्लास शोधणे आले. तिथे फलकावर पास झालेल्यांचे फोटो असतात. आमचा सवाल साधा आहे : एकूण मुले किती होती? मे २०२५ च्या फाउंडेशन परीक्षेला देशभरात ८२,६६२ जण बसले, १२,४७४ पास झाले. म्हणजे शंभरात पंधरा. उरलेले पंच्याऐंशी कोणत्याच फलकावर नसतात.

हिमरू विणणारा उस्ताद आपण त्याच्या शागिर्दांच्या कामावरून पारखतो. मास्तरही तसाच पारखावा. गेल्या वर्षीच्या मुलांना भेटा. चार दिवस वर्गात बसू देतात का, सराव-पेपर कोण तपासतो, हे विचारा. फी हप्त्याने भरा. मध्येच सोडल्यास किती परत मिळेल, ते लेखी घ्या. सी.ए. इन्स्टिट्यूट स्वतः इंटरनेटवर अभ्याससाहित्य आणि वर्ग मोफत देते. आधी महिनाभर तेच करू द्या. त्यात टिकाव लागला, तर क्लासचा विचार करा.

दुकानाचे भांडवल मोडून भरलेली फी परत येत नाही, आणि नापास झाल्याचा दोष मात्र पोराच्याच माथी बसतो. म्हणून पारख आधी, पैसा मागून, असे आमचे स्पष्ट मत आहे.